मंदाबाईची घोडनस

हिंगणीत कोणाच्या कंबरेत चमक भरली, की तो आधी देवाचं नाव घेतो आणि मग मंदाबाईचं, असं म्हणतात. प्रत्यक्षात मंदाबाईचंच आधी घेतो. देवळात सरळ चालत जावं लागतं, मंदाबाईकडे वाकडं गेलं तरी चालतं.

मंदाबाई पायाळू. बाकीची लेकरं जगात डोकं पुढे करून येतात, ही पाय पुढे करून आली. अशा माणसाचा पाय दुखऱ्या जागेला लागला की चमक पळते, हे गावात गुरुजींपासून गुराख्यापर्यंत सगळे मानतात. गुरुजी फक्त चारचौघांत मानत नाहीत. त्यातही मंदाबाईच्या उजव्या पायाचा अंगठा म्हणजे नामांकित. सकाळचा चहा चुलीवर असतो तेवढ्यात दारात कोणीतरी काटकोनात उभं. "मंदाबाई वो, मेलो वो! चप्पल उचलाले वाकलो, अन् तसाच राह्यलो!" मंदाबाई उत्तर देत नसे. बोलायचं नाही, हा नियमच. रोग्यानं ओसरीवर पालथं पडायचं, तिनं अंगठा दुखऱ्या जागी टेकवायचा, टाच उचलून पोटरीचा सगळा जोर त्या एका अंगठ्यात उतरवायचा, आणि रोग्यानं उठून मागे न पाहता चालू लागायचं. आभार मानले की चमक परत येते. त्यामुळे मंदाबाईचे आभार आजवर कोणी मानलेले नाहीत.

तिच्या जन्माची दुसरी बाजू मात्र दारात कोणी काढत नसे. पाय आले, खांदे अडले, आणि ती मोकळी झाली तोवर आई गेली होती. आजी पाहुण्यांसमोर सांगायची, "पाय पुढे करून आली वं माय, अन् माह्या लेकीले बाहेर ढकलून देल्लं." लहानपणी मंदा बसली की पाय परकराखाली घेऊन बसे. मग एकदा शेजारच्या म्हाताऱ्याला खाट सोडवेना, कोणीतरी म्हणालं, "पायाळू पोट्टी हाये ना घरात!" तिचा पाय धरून त्याच्या कंबरेला लावला, आणि म्हातारा उठून तंबाखू मागायला लागला. त्या दिवसापासून पाय परकराबाहेर आला. पण मंदाच्या मनात एक गोष्ट बसली ती बसलीच. या पायानं एक माय नेली. आता गावाच्या कंबरा सरळ करत राहायचं, म्हणजे कधीतरी फिटेल. हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

नवरा मोतीलाल रविवारी बोर धरणावर येणाऱ्या लोकांना फुटाणे विकायचा आणि बाकीचे दिवस सगळ्यांच्या हो ला हो मिळवायचा. शेवटी जो बोलला त्याचं बरोबर, हा त्याचा स्वभाव. "पाणी येईन." "बरोबर हाये." "नाई येत बे." "तेही बरोबर हाये."

पोटापाण्याला मंदाबाई कापूस खुंदायला जायची. वेचलेला कापूस गाडीत भरला की फुगून वर येतो. अर्धी गाडी भरली तरी भरल्यासारखी दिसते. म्हणून एकदोन बायका आत उतरून पायांनी तो तुडवतात, कोपऱ्याकोपऱ्यात दाबतात. पाय मांडीपर्यंत आत जातो, तो उपसायचा, दुसरा घालायचा. नत्थूजींच्या पिकअपमध्ये मंदाबाई उतरली की दुसरी बाई लागत नसे. नत्थूजी खाली उभे राहून बांबूनं कडेचा कापूस आत ढोसत. वाक्याची सुरुवात "इमानदारीनं सांगतो" अशी केल्याशिवाय त्यांना साधी वेळसुद्धा सांगता येत नसे.

दिवाळी होऊन गेलेली. गाडी जवळजवळ भरलेली. मंदाबाईनं उजव्या पायावर जोर देऊन डावा पाय उपसला, आणि तेवढ्यात तिच्या टाचेच्या वर मागून कोणीतरी दांडा हाणला. फट्! आवाज तिला स्वतःला ऐकू आला. ती कापसातच बसली. मागे वळून पाहिलं तर खाली नत्थूजी, हातात बांबू.

"काऊन मारलं वो?"

"कोनं मारलं?"

"तुमी! बांबू माह्या पायावर हाणला तुमी!"

"इमानदारीनं सांगतो मंदाबाई, माहा बांबू तुमच्यापासून हातभर दूर होता."

"मंग का भुतानं मारलं?"

नत्थूजींनी बांबू टाकून दोन्ही हात वर केले, पोलिसानं पकडल्यासारखे, आणि तिथेच चूक झाली. निर्दोष माणूस हात कायले वर करेल, असं बघायला आलेल्या बायांचं म्हणणं पडलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं: नत्थूजीनं पायाळूच्या पायावर बांबू मारला. मोतीलाल म्हणाला, "बरोबर हाये." नत्थूजी घरी येऊन सांगून गेले की मारला नाही. मोतीलाल म्हणाला, "तेही बरोबर हाये." मंदाबाईनं मात्र तोंड फिरवून घेतलं ते घेतलंच.

मार म्हटला की हळद-चुना. तिनं टाचेवर गरम लेप थापला, फडकं गुंडाळलं. सूज आली, निळं झालं, उतरलं. दुखणंही फार नव्हतं, हेच फसवं निघालं. तिला चालता येत होतं. कसं? तर पाय सपाट टाकत, फरशीवर पाट आपटल्यासारखा. मागच्या पायानं जमिनीला ढकलून पुढे जायचं असतं, ते ढकलणंच नव्हतं. ओसरीच्या पायऱ्या उतरताना उजवा पाय आपोआप पुढे कलंडायचा. सेलूला जाऊन फोटो काढला, हाड शाबूत निघालं. "हाड शाबूत हाये," मोतीलालनं सगळ्यांना सांगितलं, इतक्या आनंदानं की त्यापुढे कोणी काही विचारलंच नाही.

चमकवाले यायचे थांबले नव्हते. एका सकाळी एक हमाल आला, पालथा पडला. मंदाबाईनं अंगठा टेकवला, टाच उचलायला गेली. टाच उठेना. तिनं भिंतीला हात लावला, दात खाल्ले, पोटरी आवळून पाहिली. वर पोटरी आवळली जात होती, खाली पायाला त्याची खबरच नव्हती. अंगठा हमालाच्या पाठीवर नुसता पडून राहिला. हमाल थोडा वेळ थांबला, मग मान वळवून म्हणाला, "मंदाबाई, सुरू करा ना."

"झालं," मंदाबाई म्हणाली.

तो जसा आला तसाच वाकडा गेला. नियमाप्रमाणे मागे न पाहता गेला, म्हणून बरं. तिचा चेहरा पाहण्यासारखा नव्हता. त्या दिवशी ती जेवली नाही. कापूस काय, दुसरी बाई खुंदेल. पण कंबरा सरळ करणं थांबलं तर ते फिटायचं कसं? आणि मग ती उरते कोण? पाय पुढे करून आलेली, बस.

चहाच्या टपरीवर यावर चर्चा बसली.

"पायाळूचाच पाय चमकला, आता तिले लाथ कोन मारन?"

"दुसरा पायाळू."

"न्हाव्याची दाढी न्हावीच करते ना बे?"

"पन पायाळूनं पायाळूले पाय लावला तर दोघायचीही पावर जाते म्हनते."

"पावर जाते म्हने! बॅटरी हाये का ते?"

शेवटी सेलूकडच्या रूपरावांचं नाव निघालं. रूपराव पायाळू, वय झालेलं, धोतर टापटीप, आणि स्वतःबद्दल बोलताना दुसऱ्या कोणाबद्दल बोलावं तसं बोलायचे. "रूपरावनं पाय ठेवला अन् चमक राह्यली, असं होत नाई." संक्रांतीच्या सुमारास मोतीलाल त्यांना घेऊन आला. मंदाबाई आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच ओसरीवर पालथी पडली. गावातले निम्मे लोक अंगणात.

"मंदाबाईनं भेव नाई कराचं," रूपराव म्हणाले. "रूपरावचा पाय फुलावानी हाये."

त्यांनी अंगठा तिच्या टाचेवर टेकवला, हळूहळू वर सरकवला. घोट्याच्या मागे, टाचेच्या चार बोटं वर, जिथे हाताला दोरासारखी ताठ घोडनस लागायला हवी, तिथे त्यांचा अंगठा आत गेला. मऊ चिखलात जावा तसा. रूपरावांनी पाय झटकन मागे घेतला. त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच "मी" निघाला.

"मोतीलाल, इथं तर काहीच नाई. मी दाबू कायले? खड्डा हाये आतमंदी."

"बरोबर हाये," मोतीलाल म्हणाला.

"बरोबर नाई बावा! तू हिले सावंगीले ने. आजच्या आज ने."

सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात तपासायला आली ती डॉक्टर इला. वयानं लहान, आणि मराठी अशी की इस्त्री करून घडी घालून आणलेली. "काकू, आपण पालथ्या झोपाल का? पाय पलंगाच्या बाहेर राहू द्या." पालथं पडणं मंदाबाईच्या नशिबी आता रोजचंच झालं होतं.

इलानं आधी डाव्या पायाची पोटरी मुठीत धरून दाबली. पंजा आपसूक खाली झुकला, मान डोलवावी तसा. "हा चांगला पाय." मग उजवी पोटरी दाबली. पंजा हलला नाही. पुन्हा दाबली. मंदाबाईनं मान वळवून पाहिलं. दाब कळत होता, पण तिकडे पलंगाच्या टोकाला दुसऱ्याच कोणाचा पाय लटकलेला होता.

"तुटली आहे," इला म्हणाली. "बरीच आधी तुटली आहे."

मग तिनं मंदाबाईचाच हात धरून तिच्या डाव्या पोटरीवर ठेवला. "इथे दोन स्नायू आहेत. वरचा हा फुगीर, त्याचे दोन फाटे गुडघ्याच्या वरून निघतात. त्याच्या खाली दुसरा, चपटा. दोघं उतरत उतरत एक होतात आणि त्यांची ही एक दोरी होते. लागतेय हाताला? ही शरीरातली सगळ्यात जाड कंडरा. सुतासारखा पीळ घेत खाली येते आणि टाचेच्या हाडाला मागून चिकटते. पोटरी आखडली की दोरी टाच वर खेचते. चवड्यावर उभं राहणं, जिना चढणं, पाऊल पुढे ढकलणं, सगळं हिच्या जिवावर. धावताना तर आपल्या वजनाच्या कितीतरी पट ओढ एकटी सहन करते."

"हे तर घोडनस," मंदाबाई म्हणाली. "इतकी मजबूत हाये तं तुटली कशी?"

"इथे, चार बोटं वर, हिला रक्त कमी मिळतं. वय वाढतं तशी तिथे आतून झिजते, कळतही नाही. मग एखादा जोराचा झटका बसला की तुटते. मऊ जागेत पाय रुतवून जोर दिला होता का?"

"कापसात."

"आणि मागून कोणीतरी मारल्यासारखं वाटलं असेल?"

मंदाबाई उठून बसली. "तुमाले कोनं सांगितलं?"

"खूप जणांना तसंच वाटतं, काकू. मागे वळून बघतात, तर कोणीच नसतं."

मागे नत्थूजी होते, हीच तर पंचाईत. मंदाबाईच्या कानात टपरीवरचे सगळे आवाज एकदम वाजले. कितीतरी आठवडे एक माणूस गावातून खाली मान घालून चालला होता, आणि मारणारं कोणी नव्हतंच. घोडनस आपली आपणच तुटली होती.

पण इलाचं बोलणं संपलं नव्हतं. ताजी तुटलेली असती तर दोन टोकं जवळ आणून शिवता आली असती. आता वरचं टोक पोटरीनं वर ओढून घेतलं आहे, मध्ये अंतर पडलंय, ते भरायला आधार हवा. "पायाच्या अंगठ्याला खाली दाबणारी एक दोरी याच बाजूनं जाते. ती आम्ही काढून टाचेला जोडतो. चालणं सुधारेल, टाच पुन्हा उचलता येईल. पुष्कळशी."

"अन् आंगठा?"

"अंगठ्याचा जोर जाईल. चालायला फारसं अडत नाही. त्यानं काही विशेष काम करता का?"

मंदाबाई आणि मोतीलाल यांनी एकमेकांकडे पाहिलं. मोतीलालला "बरोबर हाये" म्हणायला कोणीच काही बोललेलं नव्हतं, म्हणून तो गप्प बसला.

बातमी हिंगणीत पोचली, आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डात माणसंच माणसं. "आंगठा नको देऊ मंदाबाई, बाकी काहीही दे." "लंगडत चालजो, पन पावर राहू दे." रूपरावही आले, खुर्ची नसल्यामुळे पलंगाच्या लोखंडी दांडीला धरून उभे राहिले. "रूपरावचं ऐकशीन तर आंगठा राहू दे. टाच उचलाले तू का बस पकडाले पळते?"

सगळे गेल्यावर नत्थूजी आले. दाराशीच थांबले. हात मागे.

"या ना," मंदाबाई म्हणाली. मग छताकडे पाहत म्हणाली, "नत्थूजी, तुमी मारलं नाई."

"हे मी तवाच सांगत होतो! तुमी सारा गाव गोळा केला."

"व्हय."

"माह्या सुनंनं दोन दिवस मले भाकर वाढली नाई. म्हने पायाळूले मारनाऱ्याले कायची भाकर!"

मंदाबाईला हसू आलं आणि रडूही, दोन्ही एकाच श्वासात. नत्थूजींनी तिच्या पायाकडे पाहिलं. "इमानदारीनं सांगतो," ते म्हणाले, "तुमी तुमच्या पायाचं पाहा. लोकायच्या कंबरेचं लोक पाह्यतीन." आणि निघून गेले.

ते गेल्यावर ती विचार करत बसली. अंगठा ठेवला तर आयुष्यभर पाट आपटत चालायचं, आणि टाचेतून जोर आल्याशिवाय अंगठा दाबणार तरी काय? हमालाच्या पाठीवर तो नुसता पडून राहिला होताच की. अंगठा दिला तर पावर जाईल. गेली तर गेली. तिच्या मनात एक वेगळंच चोर पाऊल वाजलं: पावर जाईल तर तिच्यासोबत ते दुसरंही जाईल. आजीचं ते वाक्य. ज्या पायानं मायला ढकललं, तो पायच आतून बदलून टाकायचा. दोरी कापली की सुटका.

"काढा," तिनं इलाला सांगितलं. "आंगठ्याची काढा अन् टाचीले लावा."

"घाई नाही, काकू. विचार करा."

"झाला करून."

शस्त्रक्रिया नीट झाली. पंजा खाली झुकवलेल्या अवस्थेत प्लास्टर, मग एक जाड बूट, मग व्यायाम: दाराची चौकट धरायची, दोन्ही टाचा उचलायच्या, खाली सोडायच्या. उन्हाळा तापला तेव्हा मंदाबाई काठी घेऊन अंगणात फिरायला लागली. पाट आपटण्याचा आवाज गेला होता. ओसरीवर मात्र शांतता. चमकवाले परस्पर सेलूकडे रूपरावांकडे जायचे, आणि जाताना तिच्या दारावरून मान दुसरीकडे वळवून जायचे. वाकड्या माणसाला मान वळवणं किती कठीण, तरी वळवायचे. मंदाबाई ओसरीवर बसून त्यांची सावली पाहायची. कोणी येत नाही याचं तिला वाईट वाटे, आणि वाईट वाटतंय हे बरं नाही असंही वाटे. सुटका हवी होती ना? मग ही काय सुटकाच.

एका सकाळी मोटारसायकल थांबली. आष्टीकडची मोनाली, हिंगणीत बहिणीकडे आलेली. नवरा खांद्याला धरून आणत होता, ती अर्ध्यात मोडलेली. तिला काहीच ठाऊक नव्हतं.

"मावशी, बादली उचलाले गेलती वो! सकायपासून अशीच हाये!"

आतून मोतीलाल खोकला. गप्प राहून पाय ठेव, असा त्या खोकल्याचा अर्थ होता. पण मंदाबाईनं सांगितलं. "बाई, तो पाय आता तसा नाई राह्यला. आंगठ्याची दोरी कापून टाचीले लावली. आंगठा दाबत नाई."

मोनालीनं वाकूनच विचार केला. "मावशी, पाय बदलला, पन जलम थोडीच बदलला? तुमी पायानंच आलत्या ना?"

मंदाबाईनं आपल्या पायाकडे पाहिलं. मोनाली तोवर ओसरीवर पालथी पडलीही होती. मंदाबाईनं चौकट धरली आणि पाय ठेवला. टाच जराशी उठली, तळवा दाबला गेला. अंगठा बाजूला मोकळा पडून राहिला, लग्नात ओळखीचं कोणी न भेटलेल्या पाहुण्यासारखा. तिनं पाय काढला. मोनाली उठली. एक हात कंबरेवर ठेवून सरळ झाली, आणखी सरळ झाली, तिचे डोळे मोठे झाले. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि नवऱ्यानं तिला कोपर मारलं. दोघं मागे न पाहता गेली. मोटारसायकलवर ती ताठ बसली होती.

मोतीलाल धावत बाहेर आला. "पाह्यलं? पावर गेलीच नाई! जशीच्या तशी हाये!"

मंदाबाई भिंतीला टेकून खाली बसली. गेली नव्हती. म्हणजे अंगठ्यात नव्हतीच ती कधी. दोरीत नव्हती, टाचेत नव्हती. कापून, शिवून, जागा बदलून जाणारी ती गोष्टच नव्हती, आणि मग दुसरी गोष्टही तशीच, जिथे होती तिथे. मायचा चेहरा तिनं कधी पाहिलाच नव्हता. आजीचा आवाज मात्र अगदी स्पष्ट आला.

"अवं, खुश हो ना," मोतीलाल म्हणाला. "उद्या गावात सांगतो, लोकं येतीन पुन्हा."

 ती उठली, चौकटीला दोन्ही हात लावले, व्यायामाला उभी राहिली. डावी टाच वर आली. उजवी थरथरली, जमिनीपासून जेमतेम सुटली, आणि परत खाली बसली.

"थकली का वं?"

"नाई," मंदाबाई म्हणाली, आणि चौकट पुन्हा घट्ट धरली.